हात घोटण्याची वर्षं

पावसाळा सरत आला की काळेवाडीतल्या शाळांमध्ये एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची लगबग सुरू होते. तापकीरनगर, नढेनगर, विजयनगरच्या गल्ल्यांतून काखेत ड्रॉइंग बोर्ड मारून निघालेली मुलं दिसू लागतात. वर्गात स्टुलावर तांब्या, शेजारी एखादा कांदा किंवा वांगं, मागे चुणीदार कापड. मुलांनी हात ताठ करून पेन्सिल समोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि तांब्याच्या उंचीत त्याची रुंदी किती वेळा बसते ते मोजायचं. सगळ्यांची दमछाक होते ती तांब्याच्या तोंडाशी. मनाला ते गोल माहीत असतं आणि डोळ्याला लंबगोल दिसतं. हात मात्र मनाचंच ऐकतो. डोळ्याचं ऐकायला शिकणं ही चित्रकाराच्या घडणीतली पहिली आणि सगळ्यात चिवट पायरी. महाराष्ट्रातल्या बहुतेक नामवंत चित्रकारांनी ती कोवळ्या वयातच, आणि कंटाळा येईपर्यंत घोटली होती.

या शिस्तीचं माहेर मुंबईत आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये १ लाख रुपयांची देणगी दिली आणि १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे वर्ग सुरू झाले. शिक्षणाची रीत लंडनच्या साउथ केन्झिंग्टनहून आली होती. आधी छापील नमुने बघून रेषा गिरवायची. ती सुधारली की प्लास्टरचे ग्रीक मुखवटे आणि पुतळे समोर यायचे. त्यांना रंग नसतो, असतो तो फक्त उजेड आणि सावली. कागदाच्या घट्ट सुरळीने, म्हणजे स्टंपने, कोळशाची पूड हळूहळू पसरवत नाकाची कड उठवायची. एका डोक्यावर कितीतरी दिवस जायचे. त्यानंतर कुठे जिवंत माणूस समोर बसायचा आणि रंगाला हात लागायचा. विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास तर फार पुढे, १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन आल्यावर सुरू झाला.

ही रीत परकी होती, रुक्षही होती, आणि तिच्यावर पुढे टीका झाली ती रास्तच होती. पण तिने हात तयार केले, हेही तितकंच खरं. पेस्तनजी बोमनजी १८६४ मध्ये या शाळेत आले तेव्हा अवघे तेरा वर्षांचे होते. त्यांचे गुरू जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, त्या कामात पेस्तनजींचा मोठा वाटा होता. ग्रीक पुतळे गिरवलेली पोरं अजिंठ्याच्या भिंतीसमोर उभी राहिली, तेव्हा रेषेचं एक निराळंच व्याकरण त्यांच्यापुढे उलगडलं असणार. त्या प्रतिकृती लंडनला गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा १८८५ च्या आगीत जळाल्या. एका पिढीचं उमेदवारीचं काम असं भस्मसात झालं, याची हळहळ आजही वाटते.

जे. जे. मध्ये येण्याआधी मात्र प्रत्येकाची एक शाळा होऊन गेलेली असे, आणि ती घरातली किंवा गावातली असे.

कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्या घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार होत. बोरूचा काट, शाईचा ओघ, अक्षराची वळणं आणि कडेची वेलबुट्टी हे सगळं लहानपणापासून त्यांच्या नजरेखालून गेलं. जे. जे. मध्ये ते १८८० च्या दशकात शिकले आणि व्हाइसरॉयचं पदक मिळवून परतले. मुंबईत राहून नाव आणि पैसा मिळवणं त्यांना जमलं असतं, पण ते कोल्हापूरलाच राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. कोटितीर्थाकाठी राहून ते पाणी, झाडं आणि ढग रंगवत बसले. त्यांच्या जलरंगातली पाण्यावरची बारीक थरथर पाहिली की बोरूने घोटलेलं बोट ओळखू येतं.

त्याच गावात १८६७ मध्ये महादेव विश्वनाथ धुरंधर जन्मले. चित्रकलेच्या ओढीला त्यांना आबालालांकडूनच उत्तेजन मिळालं. गावात एक खरा चित्रकार आहे, तो काम करताना पाहता येतं, ही गोष्ट मुलाच्या आयुष्यात किती मोठी असते! जानेवारी १८९० मध्ये धुरंधर जे. जे. मध्ये दाखल झाले, तेव्हा वयाची तेविशी जवळ आली होती. पाचच वर्षांत, १८९५ साली, बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांच्या हाती आलं. पुढे ते तिथेच शिक्षक झाले, वरच्या पदांवर गेले आणि १९३१ पर्यंत त्याच आवारात रमले. त्यांच्या आत्मकथनाचं नावच ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ असं आहे. विद्यार्थी म्हणून पाऊल टाकलं तो दिवसही त्यांनी या हिशेबात धरला आहे, नोकरी लागल्यापासूनची वर्षं वेगळी काढलेली नाहीत. शिकणं आणि शिकवणं यांत त्यांनी रेघ ओढली नाही, ही त्यांची मोठी थोरवी.

धुरंधरांची बायकांची चित्रं पाहावीत. नऊवारीचा काष्टा, कोळणीच्या लुगड्याची नेसण, बाजारात टोपली डोईवर घेताना मानेला येणारा ताण: यांतलं काहीही अंदाजपंचे नाही. पुतळ्यावरून शिकलेली शरीररचना त्यांनी मुंबईच्या रस्त्यावर आणली. त्यांची मुलगी अंबिका बापाच्या चित्रशाळेतच वाढली आणि १९३१ साली जे. जे. ची पदविका घेऊन बाहेर पडली. मुलींच्या वाट्याला असं घर क्वचितच येई, म्हणून त्या पिढीतल्या चित्रकर्तींची नावं बोटांवर मोजण्याइतकीच सापडतात.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर सावंतवाडीचे. शाळेतल्या चित्रकला शिक्षकांनी त्यांना पारखलं आणि संस्थानाने शिष्यवृत्ती देऊन १९०३ च्या सुमारास मुंबईला धाडलं. शिक्षण संपतं न संपतं तोच, १९०८ साली, त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रसंस्था उघडली. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं, हातातल्या दिव्याच्या ज्योतीवर हात धरून उभ्या असलेल्या स्त्रीचं चित्र त्यांचंच. त्यासाठी मुलगी गीता समोर उभी होती. बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड त्यांनी जलरंगात धरला आहे, आणि जलरंगात चुकीला माफी नसते. अनेक लोक हे चित्र राजा रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, चित्र १९४० च्या दशकातलं. हळदणकरांचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं.

रविवर्म्याची घडण निराळी. त्याने चित्रशाळेचं तोंड पाहिलं नाही. किळिमानूरच्या वाड्यातल्या भिंतींवर कोळशाने चित्रं काढणाऱ्या या मुलाला मामाने ओळखलं आणि चौदाव्या वर्षी त्रावणकोरच्या दरबारी नेलं. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार तिथे आला. तो शिकवायला तयार नव्हता, फक्त काम करताना पाहू देई. तेलरंगाचे थर कसे चढतात हे रविवर्म्याने पाहून पाहून उचललं. त्याची चित्रं घरोघरी गेली ती त्याच्या छापखान्यामुळे, आणि तो छापखाना मुंबईहून आला तो थेट मळवलीला. चिंचवडला लोणावळा लोकलमध्ये बसलेल्या माणसाला लोणावळ्याच्या आधीचं हे स्टेशन लागतं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि सगळे ठसे कागदावर एकमेकांशी तंतोतंत जुळवायचे, असं ते काम. जे. जे. मध्ये शिकलेले दादासाहेब फाळकेही चित्रपटाकडे वळण्याआधी या छापखान्याच्या कामात होते. आपल्या पट्ट्याच्या इतक्या जवळ घडलेला हा इतिहास इथल्या शाळांमधून सांगितला जावा, असं मनापासून वाटतं.

शाळेशिवाय घडलेला आपल्याकडचा दुसरा मोठा माणूस म्हणजे बाबूराव पेंटर. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेले बाबूराव कृष्णराव मेस्त्री. वडिलांच्या हातात सुतारकाम, लोहारकाम, हस्तिदंताचं कोरीवकाम आणि चित्रकलाही होती. अशा घरात मुलगा पटाशी आणि कुंचला यांत भेद करत नाही. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. पडद्यावर महाल असा उभा करायचा की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही त्यात पाऊल टाकावंसं वाटावं. यथादर्शन शिकण्याची याहून खडतर परीक्षा नाही. पुढे बाबूरावांनी सिनेमाचा कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ मध्ये प्रभात फिल्म कंपनीसाठी ‘संत तुकाराम’ केला. काळेवाडीच्या हाकेवरचं देहू त्यांनी पुण्यातल्या स्टुडिओत उभं केलं, आणि त्यामागे पडदे रंगवून तयार झालेली नजर होती.

एक गोष्ट या सगळ्यांत सारखीच दिसते. मुलाची चुणूक वेळेवर कुणाच्या तरी ध्यानात आली आणि त्याच्या पोटापाण्याची सोय झाली. कधी तो मामा होता, कधी शिक्षक, कधी संस्थान. आज संस्थानिक नाहीत. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यांच्या या पट्ट्यात ते काम बहुधा शाळेतल्या चित्रकलेच्या सरांवर आणि बाईंवर येऊन पडतं. म्हणूनच ड्रॉइंगचा तास गणिताला किंवा विज्ञानाला देऊन टाकला जातो, तेव्हा फार मोठं नुकसान होतं.

ही चित्रं छापील पुस्तकात पाहून पुरत नाहीत. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आबालाल पाहायला मिळतात. दुसरं ठिकाण औंध. आपल्या पलीकडचं पुण्यातलं औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये डोंगरावर संग्रहालय बांधलं. रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर तिथे एकाच छपराखाली आहेत. काळेवाडीहून पहाटे निघालं तर मुलांना घेऊन एका दिवसात जाऊन येता येतं. इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांनी पेन्सिल आणि वही बरोबर न्यावी, आणि धुरंधरांच्या चित्रातला एखादा हात, नुसता हात, तिथेच उभं राहून उतरवून पाहावा.