तरतूद आणि प्रतीक्षा : वाशीम जिल्ह्यातील आरोग्यसेवेचा प्रश्न

सार्वजनिक आरोग्यावरील राजकीय वादात ‘तरतूद’ हा शब्द वारंवार येतो. परंतु त्याचा अर्थ उभय पक्षी एकच नसतो. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला आणि २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांत गणला गेलेला वाशीम जिल्हा या दृष्टीने उद्बोधक आहे.

विमायोजनेचे समर्थक तरतूद म्हणजे रुग्णामागे जाणारा पैसा असे मानतात. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचे ठरविले, ते याच भूमिकेस अनुसरून. टीकाकारांच्या मते तरतूद म्हणजे शासकीय रुग्णालयातील खाटा, यंत्रे व भरलेली पदे होत.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. विमा उपचाराचे मूल्य चुकवितो, शल्यविशारद निर्माण करीत नाही. जेथे तो नाही, तेथून रुग्णाला अकोल्याची वाट धरावी लागते व प्रतीक्षा लांबते. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ते दुसऱ्या अर्थाची तरतूद होय. मात्र तिचे फळ हाती येण्यास वर्षे लागतात. अंदाजपत्रकात रुपये मोजले जातात, रुग्णाचे दिवस नव्हेत. ते मोजले जाईपर्यंत उभय पक्षांचे म्हणणे अर्धेच सिद्ध राहील.