दिव्यांग बाळासाठी खेळणे निवडताना

घरात लहान मूल असले की पाहुणे सहसा रिकाम्या हाताने येत नाहीत. पण त्याच घरातले एक मूल चालत-बोलत नसेल, तर धाकट्याच्या हातात मोटार आणि थोरल्याच्या हातात बिस्किटाचा पुडा, असे आम्ही कितीतरी घरांत पाहिले आहे. वर "त्याला काय कळतंय?" हे वाक्य त्याच्या समोरच बोलले जाते. ऐकून आईच्या काळजाला घरे पडतात. पाहुण्यांच्या मनात वाईट नसते. अशा मुलाला काय द्यावे, हे त्यांना ठाऊक नसते एवढेच. आईबापही पुष्कळदा गोंधळलेले असतात.

महाग खेळणे म्हणजे चांगले खेळणे, हा समज आधी सोडावा. मारिया माँटेसरी यांच्या नावाच्या शाळांत आज पैसेवाल्यांची मुले जातात. पण या इटालियन डॉक्टर बाईंच्या कामाची सुरुवात झाली ती बौद्धिक अपंगत्व असलेल्या, रोमच्या वेड्यांच्या इस्पितळांत टाकून दिलेल्या मुलांपासून. हाताने चाचपून, उचलून, रचून ही मुले शिकतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९०७ साली त्यांनी पहिले बालगृह काढले, तेही सान लोरेंझो या गरीब कामगारांच्या वस्तीत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाडी चालवली, ती आसपास मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंच्या जोरावर. तेव्हा स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी मूल खेळले, तर त्यात कमीपणा कसला?

खोक्यावर '३ वर्षे' लिहिले आहे म्हणून खेळणे घेऊ नये. आधी चार दिवस मुलाकडे नीट पाहावे. ते कशाकडे वळते? कशाने दचकते? हाताला चिकट लागले की रडते, की मुद्दाम चिखलात हात घालते? एखादे मूल पंख्याकडे तासभर बघत बसते, एखादे कुकरच्या शिट्टीला कान झाकते. पहिल्याला गरगर फिरणारी भिंगरी आवडेल. दुसऱ्याला वाजणारी मोटार देणे म्हणजे शिक्षाच. स्वमग्न मुलांच्या बाबतीत हे विशेष जपावे.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे हातपाय ताठ किंवा सैल असतात, पण समज पुष्कळदा चांगली असते. त्याला हवे असते ते स्वतःच्या हाताने काहीतरी घडवणे. चावीची बाहुली आपण फिरवायची आणि त्याने नुसती बघायची, यात त्याचा खेळ कुठे आला? त्यापेक्षा पाठीला आधार देऊन बसवावे, समोर स्टीलची परात ठेवावी आणि ती सरकू नये म्हणून खाली ओले फडके घालावे. परातीत चमचा आपटला की आवाज होतो, हे त्याला कळले की बघा चेहरा! चमच्याची दांडी पकडता येत नसेल तर तिच्यावर चिंध्या गुंडाळून जाड करावी. आणि मग थांबावे. त्याचा हात पोचायला अर्धा मिनिट लागेल, तेवढा वेळ आपण मध्ये हात घालू नये. घरातल्या मोठ्यांना नेमके हेच जड जाते.

दृष्टी कमी असेल तर काळ्या कापडावर लाल किंवा पिवळी, एकाच रंगाची ठळक वस्तू ठेवावी. पूर्ण अंध मुलाला मखमल, गोणपाट, काथ्या यांचे तुकडे एका पट्टीवर शिवून द्यावेत. ऐकू न येणाऱ्या मुलाचा हात ढोलकीच्या पुडीवर ठेवून थाप मारावी. थरथर त्याला कळते. दोन-तीनच खेळणी बाहेर ठेवावीत, बाकीची पेटीत, आणि आठवड्याने बदलावीत.

आता धोक्याचे. ही मुले वस्तू तोंडात घालण्याच्या वयातून उशिरा बाहेर पडतात. सुमारे ३ सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू देऊ नये. डाळ-तांदळात हात घालू द्यायचा तर शेजारी बसून, नाहीतर घट्ट शिवलेल्या पिशवीत भरून. पाण्यात फुगणारे रंगीत मणी घरात आणूच नयेत, पोटात जाऊन आतडे अडते. चपटी गोल बॅटरी गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते, म्हणून उलटी काढत न बसता ताबडतोब इस्पितळ गाठावे. फिट येणाऱ्या मुलासाठी लुकलुकणाऱ्या दिव्यांचे खेळणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. विकत घेताना आयएसआय शिक्का पाहावा. १ जानेवारी २०२१ पासून तो खेळण्यांवर सक्तीचा आहे.

मुलाला काय झेपेल हे समजत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्ह्यांत अशा मुलांसाठी लवकर तपासणी व उपचाराची केंद्रे आहेत, आणि तिथे व्यायाम व वाचा-उपचार मोफत मिळतात. जाताना घरचे एखादे आवडते खेळणे बरोबर न्यावे, म्हणजे मूल काय करू शकते ते तिथल्या ताईंना दाखवता येते.

आणि पाहुण्यांनी आणण्याआधी आईला एवढेच विचारावे, "वहिनी, हा सध्या कशाने हसतो?"