मटारचा गोडवा टिकविणारे काढणीपश्चात व्यवस्थापन

जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे (स्थापना १९६४) मुख्यालय असलेल्या जबलपूर जिल्ह्याची ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेतील ओळख म्हणजे हिरवा मटार. शेंग तोडल्यानंतरही दाण्यांचे श्वसन वेगाने सुरू राहते. साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर होऊन दाणे पिठूळ होतात. गोण्यांच्या थप्पीत उष्णता कोंडल्याने ही क्रिया वाढते आणि बाजार गाठण्यापूर्वीच माल भाव गमावतो.

म्हणून दव ओसरल्यावर, ऊन चढण्यापूर्वी तोडणी करावी. शेंगा सावलीत निवडून हवेशीर क्रेटमध्ये भराव्यात व थंड पाण्याने त्वरित पूर्वशीत कराव्यात. ० अंश सेल्सिअस तापमान व सुमारे ९५ टक्के आर्द्रतेत त्या एक ते दोन आठवडे टिकतात. शीतगृह नसल्यास तोडणीच्याच दिवशी विक्री करणे हिताचे ठरते.