वकिलाविरुद्ध दाद कुणाकडे?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. आणि वाटणी, भाडेकरू किंवा न वटलेला चेक, कशाच्या तरी निमित्ताने ती चढतोच. वकीलपत्र सही करण्यापूर्वी पुरते वाचणारा अशील मला तरी अजून भेटायचा आहे. सही झाली की तारखा, मूळ कागद आणि बऱ्याचदा रात्रीची झोपही दुसऱ्याच्या हाती जाते.

हा दुसरा माणूस बहुधा प्रामाणिक असतो. नसला तर? मद्रासकडचे एक प्रकरण मला विसरता येत नाही. सत्तरीतल्या, कानाने अधू अशा एका गृहस्थांनी पंधरा हजार आणि पाच हजारांच्या दोन प्रॉमिसरी नोटा वसुलीसाठी वकिलाकडे सोपवल्या. अशा वसुलीला कायद्याने तीन वर्षांची मुदत, म्हणजे दिवस मोजूनच काढायचे. चौकशीला गेले की वकीलसाहेब दाव्याचा नंबर सांगत, तारीख सांगत. दोन्ही खोटे! तामिळनाडू बार कौन्सिलने त्यांची सनद सहा वर्षांसाठी निलंबित केली, भारतीय बार कौन्सिलने शिक्षा एका वर्षावर आणली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी दोष कायम ठेवला, पण शिक्षेला वेगळेच वळण दिले. वकिलाने गरिबांना मोफत कायदेशीर मदत करावी आणि अशिलाला अडीच हजार रुपये द्यावेत! म्हाताऱ्याच्या खिशाचा विचार कुणीतरी केला, हे मला फार मोलाचे वाटते. एरवी सनद गेली तरी तक्रारदाराचे हात रिकामेच राहतात.

आपल्याकडे तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर प्रकरण तिघांच्या शिस्तपालन समितीपुढे जाते. समज, काही काळ सनद बंद किंवा यादीतून नावच काढणे, अशा शिक्षा १९६१ च्या कायद्यात आहेत. वर्षभरात निकाल लागला नाही, तर प्रकरण दिल्लीला वर्ग होते. मात्र खटला हरला म्हणून वकील दोषी ठरत नाही.

वकिलांचा न्याय वकिलांनीच करायचा, हे ऐकून लोक हसतात. हसणाऱ्यांनी मुंबईच्या किल्ला कोर्टाची हकीकत ऐकावी. तिथे दारातच अशिलांवर झडप घालून, फी पाडून कामे पळवणाऱ्या वकिलांना राज्य कौन्सिलने दोषी ठरवले. दिल्लीने त्यांना सोडले, तेव्हा आपल्याच वकिलांविरुद्ध ही कौन्सिल सर्वोच्च न्यायालयात गेली. तिला तो हक्क आहे, हे १९७५ साली सात न्यायमूर्तींनी मान्य केले.

ग्राहक न्यायालयाचा रस्ता मात्र १४ मे २०२४ रोजी बंद झाला. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. मला तो पटलेला नाही.

घरोघरी उपयोगी पडेल अशी गोष्ट २००० सालच्या निकालात आहे. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या वकिलांनी फी थकली म्हणून फाइली अडवल्या. फाइल म्हणजे तारण ठेवलेला माल नव्हे, असे न्यायालयाने बजावले. फी हवी तर वकिलाने वेगळा दावा लावावा. कागद अशिलाचे, मागताच परत द्यायचे. मागणी तेवढी लेखी करावी आणि पोच घ्यावी.