वृश्चिकदंश, अधिवृक्क ग्रंथी आणि कॅल्शियमची द्वारे

मृगाच्या सरी पडल्या की जळगाव-धुळ्याच्या शिवारात दगड उचलताना, पऱ्हाट्यांचा ढीग हलवताना विंचू डसलेले रुग्ण येऊ लागतात. असा रुग्ण खेड्यात पुष्कळदा प्रथम आम्हा वैद्यांच्याच दारी येतो. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात वृश्चिकांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे वर्ग सांगितले आहेत. तांबडा विंचू आम्ही महाविषात धरतो.

अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात अ‍ॅड्रेनॅलिन सूक्ष्म कणिकांत साठविलेले असते. चेतातंतूचा संदेश पोहोचताच तेथील पेशींची कॅल्शियमद्वारे (चॅनल) उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि कणिका रक्तात रित्या होतात. तांबड्या विंचवाचे विष चेतातंतूंची सोडियमद्वारे वेळेवर मिटू देत नाही. त्यामुळे संदेश थांबत नाहीत आणि संप्रेरकांचा लोंढा सुटतो. हीच संप्रेरके हृदयपेशींची कॅल्शियमद्वारे अधिक उघडतात व रक्तवाहिन्या आकुंचित करतात. हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते.

मग कॅल्शियमद्वारच रोखणारे निफेडिपिन का देऊ नये? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याने रक्तदाब एकाएकी उतरून नाडी आणखी धावू शकते, आणि अल्फा ग्राहकांवरील संप्रेरकांचा मारा तसाच राहतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात हा मारा अडविणारे प्राझोसिन वापरले. पूर्वी 30 टक्क्यांपर्यंत असलेले गंभीर रुग्णांचे मृत्युप्रमाण त्यानंतर सुमारे 1 टक्क्यावर आले. त्यांच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या 70 रुग्णांच्या अभ्यासात प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेले रुग्ण सरासरी 8 तासांत सावरले. केवळ प्राझोसिनवरील रुग्णांस सुमारे 18 तास लागले.

आमच्या दृष्टीने कळीची गोष्ट वेगळीच आहे. गंभीर विषबाधेत दंशस्थानी वेदना बरेचदा अल्प असते. ठणका नाही म्हणजे विष उतरले, असे नातेवाईक मानतात. कधी कधी वैद्यही! वांती, दरदरून घाम, लाळ, गार पडलेले हातपाय, पुरुषांत लिंगाची ताठरता यांपैकी काही दिसले, तर लेप लावून वाट पाहू नये. लेपाने ठणका शमेल, पण संप्रेरकांचा लोंढा थांबणार नाही. दंशाची वेळ चिठ्ठीवर लिहून रुग्णास, बालकास तर विशेष त्वरेने, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात धाडावे.