चार तासांचा खोळंबा

सकाळी 6:15
अहमदपूर तालुक्यातलं, बालाघाटच्या डोंगररांगेतलं एक गाव. आज 9 तारीख. दर महिन्याच्या या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना फुकट तपासतात. 2016 पासूनची योजना आहे. गावातल्या आशा कार्यकर्तीच्या, आशाताईंच्या, भाकरी थापून झाल्यात. वहीत पाच नावं. फोन करून बाया येत नाहीत, घरी जावं लागतं.

सकाळी 7:00
तिसरं घर. पहिलटकरीण, वय 20, सासर लोहा तालुक्यात, म्हणजे नांदेड जिल्हा. सातव्यात ओटी भरून माहेरी आणलीय. पोरगी उंबऱ्यात बसून पायातली जोडवी फिरवून पाहतेय. फिरत नाहीत, बोटांत रुतलीत.

"सूज तर समद्यांलाच येती," आई म्हणते. तिला तुरीच्या काढणीला जायचंय. 300 रुपये रोज.

"पायाला येऊ द्या मावशी. तोंड बघा की तिचं."

पापण्या जड दिसतात. आशाताई तपासणीचं कार्ड मागतात. कार्ड सासरी, पेटीत. हे नेहमीचंच. गरोदरपणात बीपी चढण्याच्या आजाराचा धोका पहिल्या खेपेला जास्त, आणि पहिल्याच खेपेला पोरगी ऐन सातव्यात गाव बदलते. आधीचे आकडे एका जिल्ह्यात, पोट दुसऱ्या जिल्ह्यात.

सकाळी 8:30
काळी-पिवळी. माणशी 30 रुपये. आई कुरकुरत का होईना, आलीय.

सकाळी 9:10
प्राथमिक आरोग्य केंद्र. सिस्टर बीपी चढून येणाऱ्या झटक्यांसाठीचा ट्रे लावतायत. मॅग्नेशियम सल्फेटच्या 10 कुप्या, प्रत्येकीत 1 ग्रॅम. दोन मोठ्या सिरिंज, लांब सुया. एकेका कुल्ल्यात 5 ग्रॅम, खोलवर. एवढं औषध देताना बाई ओरडतेच, असं त्या सांगतात. पण झटका आलेल्या बाईला असंच गाडीत घातलं तर वाटेत दुसरा येतो. शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी. मॅग्नेशियम जास्त झालं तर श्वास मंदावतो, त्यावरचा हा उतारा. गुडघ्यावर मारायची रबरी हातोडीही ठेवलीय. पुढचा डोस देण्याआधी गुडघा उडतो का बघायचं, श्वास मोजायचे, लघवी होतेय ना ते पाहायचं. सिस्टर प्रत्येक कुपी उजेडात धरून तारीख वाचतात. घाई करत नाहीत.

सकाळी 10:20
पोरीचा नंबर. सिस्टर लगेच पट्टा बांधत नाहीत. पाच मिनिटं पाठ टेकून बस, पाय जमिनीला, बोलायचं नाही. ब्लाउजची बाही घट्ट आहे. वर सरकवली तर दंडाला काचते आणि आकडा चुकतो. मग एक हात बाहीतून काढायला लावतात, वरून पदर. पट्टा फुगतो, सुटतो.

146/94.

आता लघवी. सिस्टर पट्टी बुडवतात, डबीचं झाकण आधी घट्ट लावतात. दमट हवा लागली की उरलेल्या पट्ट्या वाया. मिनिटभर घड्याळाकडे नजर. पिवळा तुकडा हिरवा होतो. डबीवरच्या रंगांशी ताडून पाहतात. दोन प्लस. लघवीतून प्रथिनं जातायत.

सकाळी 10:50
डॉक्टर मॅडम विचारतात: डोकं दुखतं? डोळ्यांपुढं अंधारी? बरगडीखाली कळ? पोरगी आईकडे बघते. "डोकं दुखायलंय. कालपासून." आईला हे नवीनच.

मॅडम सांगतात, चार तासांनी परत बीपी बघायचं. 140/90 किंवा त्याच्या वर दोनदा आलं तर पक्कं. 160/110 असतं तर थांबवलंच नसतं.

चार तास! आईचा रोज तर बुडालाच, आता परतीची गाडीही गेली. थांबायला जागा म्हणजे व्हरांड्यातला बाक. मला विचाराल तर या दवाखान्यातलं सगळ्यात अवघड काम तपासणीचं नाही, बाईला बाकावर बसवून ठेवण्याचं आहे. आशाताई चहा आणतात. तीन चहा, 30 रुपये. हे पैसे कुठल्याच फॉर्मवर लिहायचे नसतात.

दुपारी 12:15
आशाताईंनी सासरच्या गावातल्या आशाला फोन लावलाय. ती पेटी उघडायला लावते, व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो येतो. चौथ्या महिन्यात 104/66. म्हणजे जुनं दुखणं नाही, आत्ताच चढलंय. मॅडम फोटो मोठा करून बघतात.

बाकी चौघींचं बरं आहे. एकीला सिस्टर रागावतात: लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम गिळायची नाही, सांगितलं होतं ना?

दुपारी 2:25
पुन्हा पाठ टेकून पाच मिनिटं. पुन्हा पट्टा. 152/98.

मॅडम बीपीची गोळी देतात, चिठ्ठी लिहितात. रक्त तपासायला हवं: प्लेटलेट, यकृत, मूत्रपिंड. या दुखण्याचा खरा शेवट बाळंतपणानंच होतो, आणि पोरीला तर आत्ता एकतिसावा आठवडा. जेवढे दिवस जपून काढता येतील तेवढे मोठ्या दवाखान्यात काढायचे.

कुठं न्यायचं? लातूरला विलासराव देशमुखांच्या नावाचं सरकारी कॉलेज, नांदेडला विष्णुपुरीत शंकरराव चव्हाणांच्या. दोन्हीकडे दीड-दोन तास. आई क्षणभर विचार करते. "नांदेडला हिची आत्या हाय. डबा तरी येईल." ठरलं, नांदेड.

दुपारी 3:05
गाडी आली. सिस्टर पोरीला डाव्या कुशीवर झोपवतात. चिठ्ठी चालकाकडे नाही, आईच्या हातात. जोडवी काढायला साबण लावावा लागला. आईनं ती पदराच्या गाठीत बांधलीत. ट्रेमधल्या दहाही कुप्या जागेवर आहेत.

संध्याकाळी 5:40
आशाताई घरी. रजिस्टर भरायचंय. जोखमीच्या बाईला जादा तपासणीला आणलं की 100 रुपये, जास्तीत जास्त तीन वेळा. 2024 मध्ये राज्यानं मानधन 5,000 रुपयांनी वाढवलं, पण असे सुटे हिशेब अजून वहीतच चालतात. आजचा खर्च: गाडी 60, चहा 30.

रात्री 8:10
नांदेडहून आईचा फोन. भरती करून घेतलं, रक्त घेतलं, सुई चालू आहे. आत्या डबा घेऊन आली होती. खाट मिळाली, पण आईला झोपायला चटई नाही.

आशाताई लगेच लोह्याकडच्या आशाला फोन लावतात. कार्डाचा फोटो पुरायचा नाही, खरं कार्ड लागेल. उद्या सकाळी नवऱ्याला नांदेडच्या एसटीत बसवा, कार्ड त्याच्या खिशात द्या. आणि हो, एक चटई.