जुना अँप, १०० वॅटचा बल्ब आणि गुरगुर कुठून येते

हे आपल्या या भागाचं लेखी रूप. लोकलमध्ये रेंज जात असेल, किंवा समोर उघडा अँप ठेवून एकेक पायरी परत बघायची असेल, तर हे वाचा.

विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून आला. मामांनी अमेरिकेहून आणलेला जुना फेंडर, व्हॉल्व्हवाला गिटार अँप. कितीतरी वर्षं माळ्यावर पडून. त्याचा प्रश्न असा: "प्लगला दोनच पिना आहेत. अ‍ॅडॉप्टर लावून चालू करू का? शनिवारी प्रॅक्टिस आहे."

एका शब्दात उत्तर: नको. शनिवारी मित्राचा अँप वापर. आता का नको, आणि मग काय करायचं, ते सावकाश बघू.

आधी का नको

पहिलं कारण व्होल्टेजचं. अमेरिकेतले त्या काळचे अँप साधारण ११७ व्होल्टसाठी बनवलेले. आपल्या भिंतीत २३० आहेत. दोन पिनांचं अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतं, व्होल्टेज नाही. नशीब असेल तर फ्यूज उडेल, नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि जुन्या अँपमधली सगळ्यात महाग वस्तू तीच. त्यामुळे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

दुसरं कारण कंडेन्सरचं. पुस्तकात कपॅसिटर म्हणतात, दुकानात कंडेन्सर म्हणा, लगेच कळेल. पॉवर सप्लायमधले मोठे कंडेन्सर इलेक्ट्रोलिटिक असतात. आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि ओलसर कागद. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की तो थर कमकुवत होतो, ओल सुकते. अशा कंडेन्सरवर एकदम ४०० व्होल्ट टाकले की तो गरम होतो, गळतो, कधी फुटतो. वीस-तीस वर्षांचे असतील तर बदलूनच टाका. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ बुधवार पेठेत चौकशी करा. व्होल्टेजचा आकडा जुन्याइतका किंवा जास्तच घ्या, आणि प्लस-मायनस उलटं लावू नका.

तिसरं कारण जिवाचं. दोन पिना म्हणजे अर्थिंग नाही. वर त्या काळच्या अनेक अमेरिकन अँपमध्ये मेन्सच्या एका तारेपासून थेट चासीपर्यंत एक छोटा कंडेन्सर जोडलेला असायचा, गुरगुर कमी करायला. तो शॉर्ट झाला तर चासीवर मेन्स येते. चासीला गिटारची केबल, केबलला तारा, तारांना तुमची बोटं. रिपेअरवाले त्याला सरळ 'डेथ कॅप' म्हणतात. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी स्टेजवरच विजेच्या धक्क्याने गेला. तिथे घोटाळा अर्थिंग नसलेल्या माइकचा होता, पण धडा तोच. म्हणून सगळ्यात आधी तो कंडेन्सर काढा, थ्री-पिन वायर बसवा आणि हिरवी तार चासीला नट-बोल्टने घट्ट करा. हे काम स्वतःला जमत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या. आणि घरातल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, तेही तपासून घ्या.

प्लग काढला म्हणजे झालं? नाही!

फेंडर डिलक्स रिव्हर्बसारख्या मध्यम आकाराच्या अँपमध्येही आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो. प्लग काढल्यावरही कंडेन्सर तो धरून ठेवू शकतात. ४० मायक्रोफॅरड ४०० व्होल्टला भरला तर त्यात सुमारे ३ ज्यूल ऊर्जा असते. हृदयाशी असला खेळ नको.

उतरवायचं कसं? स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करणारे महाभाग भेटतील. ठिणगी उडते, कंडेन्सरही दुखावतो. त्याऐवजी १० किलोओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याला इन्सुलेटेड क्लिपा लावा. एक टोक चासीला, दुसरं कंडेन्सरच्या प्लसला. हिशोब केला तर दोन सेकंदांत जवळपास रिकामा होतो, पण तुम्ही दहापर्यंत मोजा. मग मीटरने खात्री करा. प्रत्येक कंडेन्सरची वेगळी. आणि चालू अँपवर माप घेताना एक हात खिशात, म्हणजे करंटला एका हातातून दुसऱ्या हातात, छातीमार्गे जायला वाट नको. मीटर आणि त्याच्या वायरी ६०० व्होल्टच्या तरी असू द्या. पहिल्यांदाच करत असाल तर जाणकार माणूस शेजारी हवा. एकट्याने, रात्री दोनला, अजिबात नाही.

सिरीज बोर्ड: सगळ्यात स्वस्त टेस्ट इक्विपमेंट

आता अँपला पहिल्यांदा वीज द्यायची. इथे आपल्या जुन्या रेडिओ मेकॅनिकची युक्ती कामाला येते: सिरीज बोर्ड. एक होल्डर, एक सॉकेट, आणि फेजच्या वाटेत जुना तारेचा १०० वॅटचा बल्ब. एलईडी चालणार नाही, तारेचाच हवा. का ते बघा.

चालू बल्बचा रेझिस्टन्स काढा: २३० गुणिले २३०, भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम. तोच बल्ब थंड असताना मीटरने मोजा, ४० ओहमच्या आसपास दिसेल! टंगस्टनची तार तापली की रेझिस्टन्स दहापटीहून जास्त वाढतो. म्हणजे अँप कमी करंट घेत असेल तर बल्ब थंड राहतो आणि फारसा आड येत नाही. अँपमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब तापतो आणि स्वतःच रस्ता अडवतो. अगदी पूर्ण शॉर्ट झाला तरी अर्ध्या अँपिअरच्या आतच करंट. जळायचं ते वाचतं.

आता क्रम. सिरीज बोर्डात स्टेप-डाउन, त्यात अँप. आधी सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवा. चालू करा. बल्ब क्षणभर चमकून जवळजवळ विझला, तर ट्रान्सफॉर्मर ठीक. प्रकाश पूर्ण राहिला, तर ट्रान्सफॉर्मर किंवा वायरिंगमध्ये शॉर्ट, बंद करा. हे पार पडलं की व्हॉल्व्ह बसवा. स्पीकर जोडलेलाच पाहिजे, हे विसरू नका, कारण स्पीकरविना वाजवलेल्या व्हॉल्व्ह अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. परत चालू करा. बल्ब आधी चमकेल, मग मंद होईल, आणि व्हॉल्व्ह तापले की थोडा परत उजळेल. हे नॉर्मल. प्रखर पेटून तसाच राहिला, तर थांबा आणि शोधा.

आणखी एक नजर आउटपुट व्हॉल्व्हवर. आतला फिलामेंट नारिंगी दिसणारच. पण बाहेरची राखाडी प्लेटच लाल व्हायला लागली, तर ताबडतोब बंद. बहुतेक वेळा बायसचं निगेटिव्ह व्होल्टेज गेलेलं असतं, नाहीतर मधला कपलिंग कंडेन्सर डीसी गळत असतो. नवा व्हॉल्व्ह आणून बसवलात तर तोही तसाच मरेल. आधी कारण, मग खरेदी.

गुरगुर कानाने ओळखा

आता गिटारवाल्यांसाठी मजेचा भाग. अँप चालू झाला, पण गुरगुरतोय. कुठली गुरगुर?

आपली वीज ५० हर्ट्झ. अँपमधला रेक्टिफायर लाटेचे दोन्ही अर्धे वापरतो, म्हणून त्याच्यापुढची लहर १०० हर्ट्झची. तेव्हा १०० ची गुरगुर असेल तर संशय पॉवर सप्लायच्या कंडेन्सरवर. ५० ची असेल तर अर्थिंग, खराब केबल, किंवा फिलामेंटच्या वायरिंगवर.

ओळखायचं कसं? गिटारची सहावी तार, तिसरा फ्रेट, जी स्वर. तो ९८ हर्ट्झ, म्हणजे १०० च्या अगदी खाली. गुरगुर त्याच्याशी जवळपास जुळली, तर १०० ची. एक सप्तक खाली वाटली, तर ५० ची. कानावर विश्वास नसेल तर फोनवर एखादं फुकट स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर अ‍ॅप घ्या, स्पीकरसमोर धरा आणि शिखरं बघा. एक सूचना: यूट्यूबवरचे अमेरिकन रिपेअरवाले ६० आणि १२० म्हणतात, कारण त्यांची वीज ६० हर्ट्झ. आकडे त्यांचे घेऊ नका, तर्क घ्या.

पुढचा प्रश्न: व्हॉल्यूम फिरवल्यावर गुरगुर बदलते का? बदलत असेल तर दोष व्हॉल्यूमच्या आधी. नसेल तर त्याच्या पुढे. बघा, एका बटणाने अर्धं सर्किट बाद झालं! रिपेअरिंग म्हणजे हेच: दर वेळी संशयितांची यादी अर्धी करायची.

खरखर येत असेल तर लाकडी चॉपस्टिकने एकेक व्हॉल्व्ह हळूच ठोकून बघा. एखादा ठोकल्यावर स्पीकरमधून घंटेसारखा वाजला तर तो मायक्रोफोनिक झालाय. बटण फिरवतानाच खरखर होत असेल, तर अँप बंद करून, कंडेन्सर उतरवून, पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि वीसेक वेळा फिरवा.

जुन्या टेस्ट इक्विपमेंटचं काय?

भंगारात जुना ऑसिलोस्कोप किंवा सिग्नल जनरेटर मिळाला तर सोडू नका, पण नियम तेच. ऑसिलोस्कोपच्या पिक्चर ट्यूबला काही हजार व्होल्ट लागतात, तिथे अँपपेक्षा जास्त जपायचं. आणि मेन्सच्या तोंडाशी पारदर्शक पिवळसर आवरणाचे, तडे गेलेले कागदी कंडेन्सर दिसले, तर चालू करण्याआधीच बदला. रिफा नावाचे असले कंडेन्सर त्यासाठी बदनाम आहेत: तड्यातून दमट हवा आत जाते, आणि एक दिवस खोलीभर धूर.

जाता जाता बल्बची एक गोष्ट. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे बिल ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी एका गॅरेजमध्ये कंपनी काढली. त्यांचं पहिलं उत्पादन २०० ए नावाचा ऑडिओ ऑसिलेटर. आवाजाची पातळी स्थिर ठेवायला ह्यूलेटने आत काय बसवलं? एक छोटासा बल्ब! आउटपुट वाढलं की तार तापते, रेझिस्टन्स वाढतो, आणि सर्किट स्वतःलाच आवरतं. पुढे वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने 'फँटेशिया'च्या कामासाठी या ऑसिलेटरची सुधारित आवृत्ती, २०० बी, घेतली. एक-दोन नाही, आठ.

म्हणजे तुमच्या सिरीज बोर्डातला बल्ब आणि तो बल्ब एकाच गुणावर चालतात. घरात सगळीकडे एलईडी आले असतील, तर जुना १०० वॅटचा एखादा फेकू नका. कापडात गुंडाळून ठेवा.

तुमच्या अँपची गुरगुर ५० ची निघाली की १०० ची, ते रेकॉर्ड करून नक्की पाठवा. निवडक आवाज पुढच्या भागात सगळे मिळून ऐकू आणि दोष शोधू. तोपर्यंत एक हात खिशात!